विकावे, पण वजनावर नव्हे

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ‘पोखर्णी नृसिंह’ हे लहानसे स्थानक आहे. नृसिंहाच्या दर्शनाला येणारे भाविक येथे उतरतात, दर्शन घेतात आणि परततात. गावातून शिक्षणासाठी बाहेर पडलेली माणसे मात्र सहसा परतत नाहीत. मराठवाड्यातील बहुतेक गावांची जी कथा, तीच पोखर्णीचीही आहे. मुले शिकली, नोकरीनिमित्त परभणी, छत्रपती संभाजीनगर, पुणे अशी पांगली. वडीलधारी माणसे काही वर्षे गावाला धरून राहिली आणि मग एके दिवशी माळवदाच्या घराला कुलूप लागले. नृसिंह जयंतीला किंवा भाऊबंदांतील एखाद्या लग्नकार्याला ते कुलूप निघते, दोन दिवस केरवारा होतो आणि पुन्हा लागते. दोन-चार पावसाळ्यांत माळवद गळू लागते, भिंतीची माती ढासळते. भावाभावांची बैठक बसते आणि ठरते : ‘एकदाचे घर रिकामे करून टाकू.’

हे रिकामे करणे कसे पार पडते, हे अशा गावांतून अनेकांनी पाहिले असेल. सुटीचा एकच दिवस हाताशी असतो आणि संध्याकाळची गाडी गाठायची असते. तालुक्याच्या गावाहून भंगाराचा टेम्पो बोलावलेला असतो. कोठीघरातून हंडे, घागरी, परात, घंगाळ, पाणी तापवायचा बंब असे सारे ओढून अंगणात आणले जाते. तांबे एकीकडे, पितळ दुसरीकडे, लोखंड तिसरीकडे असे तीन ढीग पडतात. काटा लागतो. पाठोपाठ माळ्यावरची पत्र्याची पेटी येते. तिच्यात वाळवी लागलेले कागद असतात. कोणी दोन कागद उचलून पाहतो, अक्षर लागत नाही म्हणून परत टाकतो आणि पेटी कागदांसकट रद्दीत जाते. दुपारपर्यंत घर मोकळे होते, आलेल्या रकमेचे चार वाटे होतात आणि चौघेही सुटल्यासारखे निःश्वास टाकतात. त्या दिवशी नेमके काय विकले गेले, असे महिन्याभराने विचारले तर चौघांपैकी एकालाही सांगता येत नाही. किती किलो गेले, ते मात्र सर्वांच्या स्मरणात असते.

घर रिकामे करू नये असे येथे मुळीच म्हणावयाचे नाही. शहरातल्या दोन खोल्यांच्या सदनिकेत पन्नास लिटरचा हंडा कोठे ठेवायचा, हा प्रश्न खराच आहे. वापरात नसलेली वस्तू साठवून ठेवण्यात संस्कृतीचे रक्षण होते, हा गैरसमजही दूर ठेवलेला बरा. तसे असते तर उंदीर आणि वाळवी हे आपले सर्वांत मोठे संस्कृतिरक्षक ठरले असते. प्रश्न आहे तो आवरण्याच्या आणि विकण्याच्या पद्धतीचा. मराठी कुटुंब आपल्या जुन्या वस्तू विकते ती न पाहता, घाईने, वजनावर आणि शेजाऱ्यांची नजर चुकवून. या चारही गोष्टी बदलता येण्याजोग्या आहेत.

अमेरिकेत यासाठी एक रीत आहे आणि तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे तिच्यात चांगली रुळली आहेत. ‘गॅरेज’ म्हटले की आपल्याकडे स्कूटर दुरुस्त करणारा मिस्त्री आठवतो. तेथे गॅरेज हे घराला जोडलेले मोटारीचे दालन असते. काही वर्षांतच ते सामानाने इतके भरते की मोटार बाहेर पावसात उभी राहते आणि सामान आत सुखाने राहते. मग उन्हाळ्यातला एखादा शनिवार ठरवून घरातील सर्वजण ते आवरायला घेतात. ठेवायचे काय, द्यायचे काय, विकायचे काय आणि टाकायचे काय अशी निवड होते. रस्त्याच्या कोपऱ्यावर पुठ्ठ्याची पाटी लागते. दारापुढे टेबले मांडून मुलांची लहान झालेली सायकल, पुस्तके, कपबशा, खुर्च्या, दिवे अशा वस्तू किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्या जातात. सकाळी पहिल्या तासाला चोखंदळ गिऱ्हाईक येते, दुपारनंतर भाव उतरतात आणि संध्याकाळी उरलेले सामान ‘गुडविल’सारख्या धर्मादाय संस्थेच्या दुकानात पोहोचते. १९०२ साली बॉस्टन येथे सुरू झालेली ही संस्था जुन्या वस्तू दुरुस्त करून विकते आणि त्या पैशातून काम नसलेल्यांना काम शिकविते. भारतातून नुकत्याच गेलेल्या विद्यार्थ्याच्या खोलीतले पहिले टेबल आणि पहिली भांडी बहुधा अशाच एखाद्या विक्रीतून आलेली असतात. विकणारा मोठा डॉक्टर असो वा प्राध्यापक, दारापुढे खुर्ची टाकून दोन डॉलरचा दिवा विकताना त्याला संकोच वाटत नाही. शेजाऱ्यालाही ‘यांच्यावर काय वेळ आली’ असे वाटत नाही.

तेच पोखर्णीत किंवा परभणीत कोणी करून पाहावे! ‘घरातले विकायला काढले’ हे मराठीतले साधे वाक्य नाही; त्यात दिवाळे निघाल्याचा ध्वनी आहे. हा संकोच उगाच आलेला नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याच्या घराघरांतून आधी जनावरे गेली, मग दागिने गेले आणि त्यानंतर भांडी गेली. रोजगार हमीच्या खडी फोडण्याच्या कामावर जाण्यापूर्वी कित्येक घरांतील हंडा-कळशी सावकाराकडे गहाण पडली होती किंवा बाजारात मोडीच्या भावाने गेली होती. ज्यांनी हे भोगले त्यांच्या लेखी भांडे विकणे म्हणजे चूल विझणे होते. आज सत्तरीत असलेल्या पिढीला उघड्यावर भांडी मांडून बसण्याची कल्पना सहन होत नाही, त्याचे मूळ या आठवणीत आहे. तिची थट्टा करू नये. मात्र या संकोचाचा आजचा परिणाम विचित्र झाला आहे. शेजाऱ्याला विकण्याची लाज वाटते म्हणून ती वस्तू परक्या माणसाला दहापट कमी मोलाने आणि घाईघाईने दिली जाते. ज्या शेजाऱ्याला ती हवी होती, तो टेम्पो निघून गेल्यावर हळहळतो.

खरे म्हणजे जुन्याची देवघेव आपल्याला अपरिचित नव्हती. जुने पितळ ‘मोड’ म्हणून कासाराला द्यायचे, घट आणि मजुरी वजा करून नवे भांडे घ्यायचे, हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दारोदार हिंडणारी बोहारीण जुन्या लुगड्या-धोतरांच्या बदल्यात भांडे देई आणि तिच्याशी चालणारी घासाघीस हा दुपारच्या वेळचा एक मनोरंजक कार्यक्रमच असे. त्या देवघेवीत घरची बाई स्वतः बसलेली असे. कोणते लुगडे द्यायचे, कोणते ठेवायचे, कोणत्याचे काठ काढून घ्यायचे आणि कोणत्याची गोधडी शिवायची, याचा निर्णय तिचा असे. निवड हा त्या व्यवहाराचा आत्मा होता. स्टेनलेस स्टील घराघरांत पोहोचले, कल्हईवाल्याची हाळी बंद झाली आणि तांब्या-पितळेची भांडी कोठीघराच्या अंधारात गेली. तेव्हापासून वस्तूंशी असलेली ही ओळखही सुटत गेली. जी वस्तू वर्षानुवर्षे हाताळलीच नाही, तिचे मोल वजनाखेरीज कशाने ठरणार?

वजनाने जे हरवते त्याचे एक अगदी साधे उदाहरण घ्यावे. जुन्या हंड्याच्या गळ्याशी किंवा परातीच्या काठावर बोट फिरवून पाहिले तर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरे लागतात. कोणी कोणाला, कोणत्या कार्यानिमित्त, कोणत्या साली दिले, ते तेथे लिहिलेले असते. लग्नात मामाने दिलेली समई, डोहाळजेवणात आलेले ताट, वास्तुशांतीचा तांब्या अशा साऱ्यांवर नावे असतात. आपल्या समाजात वंशावळ लिहिली जाई ती बहुधा पुरुषांची. स्त्रियांची नावे, तीही कधी माहेरची तर कधी सासरची, टिकून राहिली ती या भांड्यांवर. एखाद्या घरातील पणजीचे नाव पुढच्या पिढीला ठाऊक नसते, पण ते तिच्या रुखवतातल्या डब्यावर स्वच्छ वाचता येते. मुशीत गेल्यावर त्या नावाचे काय होते, हे सांगावयास नको. काट्याच्या दृष्टीने ती अक्षरे म्हणजे धातूवरचे चार ओरखडे आहेत. वजनात त्यांनी काडीचाही फरक पडत नाही.

कागदांची गोष्ट याहून गंभीर आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे उदाहरण देण्याची प्रथा पडून गेली आहे; तरीही ते पुन्हा द्यावेसे वाटते, कारण राजवाडे यांचे सारे कार्य म्हणजे एका अर्थाने महाराष्ट्राची अडगळ उपसण्याचे कार्य होते. राजदरबारांची दप्तरे सरकारच्या ताब्यात होती. राजवाडे हिंडले ते खाजगी घरांतून, माळ्यांवरून, वाड्यांच्या पडक्या खोल्यांतून. वाईला हाती आलेल्या पत्रांतून १७५० ते १७६१ या काळावरचा, म्हणजे पानिपतापर्यंतचा, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे त्या मालेचे बावीस खंड झाले. ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी त्यांना याच मराठवाड्यात, बीडच्या पाटांगणात मिळाली आणि १९०९ मध्ये त्यांनी ती छापून प्रसिद्ध केली. १९१० साली पुण्यात स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आजही ज्या कागदांवर उभे आहे, त्यांतील बराच भाग कोणाच्या तरी घरातून आलेला आहे. त्या घरांनी ते कागद त्याआधीच विकले असते, तर मराठ्यांच्या इतिहासातली किती पाने कोरी राहिली असती याची कल्पना करवत नाही.

हे सारे शंभर वर्षांपूर्वीचे, असे कोणी म्हणेल. त्यासाठी अगदी अलीकडचा दाखला पुरेसा आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होता. येथील महसुली कागद बव्हंशी उर्दूत आणि मोडीत आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कचेऱ्यांतील दप्तरांबरोबर नागरिकांकडील जुने कागदही पुढे आणण्याचे आवाहन झाले. मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांची अचानक शोधाशोध सुरू झाली. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो, त्या महिन्यांत घराघरांतून जी धावपळ झाली ती विचार करावयास लावणारी होती. ज्या पेट्या आजोबांनी जपल्या होत्या आणि ज्या मुलांनी रद्दीत घातल्या होत्या, त्या पेट्यांसाठी नातवंडे गावी येऊन माळे धुंडाळत होती. कोणाला कागद मिळाला, कोणाला पेटीची केवळ आठवण मिळाली. वाचता येत नाही म्हणून जो कागद आज निरुपयोगी ठरविला जातो, तो उद्या कोणासाठी आणि कशासाठी लागेल हे सांगता येत नाही. जमिनीचा वाद असो, देवस्थानाच्या इनामाचा पुरावा असो वा केवळ आपले आडनाव कोठून आले ही जिज्ञासा असो, उत्तर बहुधा त्याच पेटीत असते.

म्हणून घर आवरताना पहिला दिवस कागदांचा असावा आणि त्या दिवशी काटा घरात येऊ नये. वाचता न येणारा एकही कागद टाकू नये. ही एवढी शिस्त पाळली तरी खूप झाले. आज प्रत्येकाच्या खिशात चांगल्या प्रतीचा कॅमेरा आहे. कागद अलगद उलगडून त्याचे छायाचित्र घेणे आणि ते मोडी जाणणाऱ्याला दाखविणे हे एका दुपारचे काम आहे. गावोगावी संपर्क असणाऱ्या कार्यकर्त्यांनी मोडी वाचणाऱ्या दोन-चार जणांचे पत्ते जवळ बाळगले, तरी त्याचा मोठा उपयोग होईल. पोथ्या असतील तर त्यांच्यासाठी २००३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनसारखे उपक्रम शासनाने केलेले आहेत. विद्यापीठे आहेत, इतिहास मंडळे आहेत. हे माहीत नसते असेही नाही. त्या दिवशी गाडी गाठायची असते, हेच खरे कारण.

वस्तूंबाबतही असेच एक भान राखावे लागते. पुरावशेष व कलानिधी अधिनियम १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र वा कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने महत्त्वाचे हस्तलिखित ‘पुरावशेष’ ठरते. अशा वस्तूंचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि त्या देशाबाहेर पाठविणे खाजगी व्यक्तीला पूर्णतः निषिद्ध आहे. शहरांतील दिखाऊ दुकानांसाठी कोरीव चौकटी, दिवे आणि देवघरे हुडकत हिंडणारे दलाल हे सांगत नाहीत. टेम्पोवाला काटा लावतो तो निदान उघडपणे लावतो. त्याच्या मागून येणारा गोडबोल्या गृहस्थ भंगाराच्या दुप्पट रक्कम हातावर ठेवतो आणि देवघरातील मूर्ती उचलतो. घरच्यांना उलट लाभ झाल्यासारखे वाटते.

अशा वस्तूंचे काय करता येते, हे पाहायचे असेल तर फार दूर जाण्याचे कारण नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे कै. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. लामतुरे हे काही पुरातत्त्वाचे प्राध्यापक नव्हते. त्यांच्या गावाच्या मातीत सातवाहनकाळापासूनच्या नगराचे अवशेष सापडत होते आणि लोक ते खापऱ्या-मणी समजून फेकून देत होते. लामतुरे यांनी ते जमविले, जपले आणि अखेर शासनाच्या हाती सोपविले. तेरला मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी साम्य दाखविते, म्हणून जगभरचे अभ्यासक तिचा उल्लेख करतात. पैठणचे बाळासाहेब पाटील यांचा संग्रहही याच मार्गाने शासकीय संग्रहालयात रूपांतरित झाला. आणि पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर तर घरगुती वस्तूंचे राजवाडेच म्हणावे लागतील. चष्म्याचा व्यवसाय आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करणारा हा माणूस सुमारे १९२० पासून गावोगावच्या घरांतून अडकित्ते, दिवे, दौती, वज्र्या, कुलपे, खेळणी आणि स्वयंपाकघरातील भांडी गोळा करीत हिंडला. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. १९६० पर्यंत हा संग्रह सुमारे पंधरा हजार वस्तूंचा झाला आणि १९६२ मध्ये तो त्यांनी राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे सुपूर्द केला. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने ते संग्रहालय उभे आहे. तेथे काचेपलीकडची वज्री पाहताना अनेकांना आपल्या आजीच्या न्हाणीघरातली वज्री आठवते. तिचे काय झाले, हे मात्र आठवत नाही.

प्रत्येक घराने संग्रहालय व्हावे अशी अपेक्षा करणे वेडेपणाचे ठरेल. संग्रहालयांनाही हजारावा हंडा नको असतो. घरातील शेकडा नव्वद वस्तू या वापरण्याच्याच वस्तू आहेत आणि त्या वापरणाऱ्या हाती जाव्यात, हेच त्यांचे सार्थक. येथे एक प्रश्न हमखास विचारला जातो : विकायचे तरी कशाला, गोरगरिबांना देऊन का टाकू नये? प्रश्न सद्‌भावनेचा आहे, पण अनुभव काय सांगतो तेही पाहावे. कठोपनिषदाचा आरंभच जुन्या वस्तूंच्या दानाने होतो. वाजश्रवस यज्ञात गाई दान करतो त्या अशा, की ज्यांचे पाणी पिऊन, चारा खाऊन, दूध देऊन सारे संपले आहे. ते पाहून लहानग्या नचिकेत्याचे मन अस्वस्थ होते आणि पुढचे सारे उपनिषद त्या अस्वस्थतेतून उभे राहते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून जुने कपडे येऊन पडले. त्यातील कितीतरी फाटके, मळके आणि तेथील लोकांच्या वापरात न बसणारे होते. त्यांचे ढीग रस्त्याकडेला उघड्यावर पडून राहिले. देणाऱ्यांची कपाटे मोकळी झाली होती. १९९९ मध्ये दिल्लीत अंशू गुप्ता यांनी सुरू केलेल्या ‘गूंज’ने अशा ढिगांतून निवड करून ते कपडे उपयोगात आणण्याचे काम केले. गावाने विहीर, रस्ता, बंधारा असे आपले काम श्रमदानाने करावे आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे घ्यावेत, ही या संस्थेची पद्धत आहे. घेणाऱ्याला याचक न बनविण्याचा तिचा आग्रह २०१५ साली मॅगसेसे पुरस्काराच्या निमित्ताने सर्वांपुढे आला.

हाच विचार दारापुढच्या विक्रीलाही लागू पडतो. वीस रुपये देऊन परात घेणारी शेतमजूर बाई ती हातात फिरवून पाहते, पोचा दाखविते, पंधरा म्हणते आणि आवडली नाही तर ठेवून निघून जाते. फुकट मिळालेल्या वस्तूबाबत हा अधिकार तिला राहत नाही. ज्या सालगड्याने त्या घराची जमीन आयुष्यभर कसली, त्याच्या घरच्यांना पहिली निवड करू द्यावी आणि त्यांच्याकडून काही घेऊ नये, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. तो हिशेब विक्रीचा नसून जुन्या देण्याचा आहे. इतरांसाठी भाव अल्प असावा, पण असावा. मोठी पातेली, काथवट, घंगाळे देवस्थानाला किंवा गावाच्या सामायिक भांड्यांत द्यावीत. गावच्या लग्नाला देवळाची भांडी नेण्याची आणि घासून परत आणून ठेवण्याची पद्धत मराठवाड्यात फार जुनी आहे. पंगत उठली नाही असे गाव नाही, त्यामुळे ती वापराविना पडून राहणार नाहीत.

असा दिवस ठरवायचा तो मे महिन्यात, लेकी माहेरी आलेल्या असताना. हा मुद्दा गौण समजू नये. घर आवरण्याच्या बैठकीत भाऊ असतात, बहिणी नसतात. आणि कोणते भांडे कोणी कोणाला दिले, ही माहिती नेमकी बहिणींना आणि आत्यांना असते. घरातील सर्वांत वृद्ध बाईला ओसरीवर खुर्ची द्यावी आणि वस्तू तिच्या नजरेखालून एकेक करून जाऊ द्याव्यात. ती बोलेल ते नातवंडांनी वहीत उतरून घ्यावे. नाव कोरलेले प्रत्येक भांडे बाजूला काढून ज्यांचे नाव त्यांच्या वारसांना एकदा विचारावे. प्रत्येक मुलाने आणि मुलीने एक, फार तर दोन वस्तू घ्याव्यात. त्याहून अधिक घेतले तर शहरातील सदनिकेत नवी अडगळ तयार होईल आणि वीस वर्षांनी तेथे पुन्हा टेम्पो येईल. शेर, अडशेरी, पायली ही मापे, मोटेचा नाडा, तिफण, निजामी अमलातील हाली नाणी अशा वस्तू गावच्या शाळेने मागून घेतल्या तर त्या देण्यात कोणाचे काय जाणार आहे? दशमान पद्धत शिकणाऱ्या मुलाच्या हाती खरी पायली पडली, तर आजोबांची मोजणी त्याला अर्ध्या तासात कळेल. पुस्तके वाचनालयाकडे जावीत, पण वाचनालयाने हवी ती निवडून घ्यावीत. दात्याच्या संकोचापोटी रद्दी स्वीकारण्याची वेळ त्याच्यावर आणू नये. मग उरलेल्या वस्तू घासून-पुसून ओसरीवर मांडाव्यात, भाव चिठ्ठीवर लिहावेत आणि दार सताड उघडे ठेवावे. दाराशी घरातील कर्त्या माणसाने स्वतः बसावे. तो बसला की गावाची कुजबूज अर्ध्या तासात थांबते आणि बायका आत येऊन हंड्याचा बूड ठोकून पाहू लागतात.

माळवदाच्या लाकडाचा प्रश्न थोडा निराळा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जड मातीची माळवदे आणि दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या आणि त्यानंतर मराठवाड्याने माळवदाकडे भीतीने पाहावयास सुरुवात केली. ही भीती योग्यच होती. माती उतरविली गेली, पत्रे किंवा स्लॅब आले आणि खणाखणांचे सागवान स्वस्तात विकले गेले. आजही घर पाडताना ठेकेदार ‘पाडण्याची मजुरी नको, लाकूड माझे’ असा सौदा सुचवितो आणि मालकाला तो सोयीचा वाटतो. सह्या करण्यापूर्वी गावच्या सुताराला बोलावून किती खण, किती तुळया, किती खांब हे मोजून घेतले, तर सौदा कोणाच्या सोयीचा आहे ते लगेच उमगते. त्या लाकडातून गावातच चार घरांची दारे होऊ शकतात.

भंगारवाल्यावर या साऱ्यात राग नसावा. टाकाऊ वस्तूंतून पुन्हा कच्चा माल उभा करणारी ही माणसे समाजाचे मोठे काम करतात. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली तेव्हा कोठे त्यांच्या कष्टाची शहरी मध्यमवर्गाला थोडीफार दखल घ्यावी लागली. दोष असेल तर सकाळी सातलाच त्याला बोलावून सारे घर त्याच्यापुढे ओतणाऱ्यांचा आहे. त्याला बोलवावे ते संध्याकाळी, निवड आणि विक्री उरकल्यावर. तेव्हा ढिगात मोडका पत्रा, गंजलेल्या सळया, फुटके प्लॅस्टिक आणि कोणालाच नको असलेले सामान तेवढे उरलेले असते. त्याला चहा द्यावा, काट्यावरचा वैधमापन खात्याचा शिक्का या वर्षीचा आहे ना ते पाहावे, आणि मग खुशाल वजन करून द्यावे.